एकाच पंपातली दोन औषधं

मित्रांनो, फार जवळ येऊ नका. माझ्या तोंडाला वास येतो, आणि तो काही फुलांचा नाही. मी एक जुना फवारणीचा पंप आहे, पाठीवर घ्यायचा, दोन पट्ट्यांचा. अवजारांच्या खोलीत खिळ्याला लटकलेला असतो. माझी टाकी एकेकाळी पिवळीधमक होती, आता तिचा रंग विचारलात तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळा सांगेल. डावा पट्टा कधीच तुटला, तिथे सुतळी बांधली आहे. दांडा वरखाली करताना मी कण्हतो, असं घरचे म्हणतात. कण्हू नको तर काय करू? सगळा जन्म दुसऱ्याच्या पाठीवर बसून विष वाहिलं. म्हातारपणी तेवढी तरी मुभा असावी.

माझा जन्म कारखान्यातला. गरम साच्यात हवा फुंकून मला फुगवलं. मग दांडा आला, नळी आली, नोझल आलं. शेजारी माझ्यासारखे शेकडो भाऊ, सगळे पिवळे आणि सगळे उपाशी. तिथून आम्ही दुकानात गेलो आणि छताला टांगले गेलो. एके दिवशी एक उंच, सडपातळ माणूस आला. त्याने मला खाली काढायला लावलं, पाठीवर चढवलं, दुकानातच चार पावलं चालून पाहिलं आणि म्हणाला, "हा बसतो बघा नीट. हाच द्या." घरी सगळे त्याला आबा म्हणत. मीही मनातल्या मनात आबाच म्हणू लागलो.

आबांची मोसंबीची बाग होती. एकेक कलम त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलं होतं. माझ्या पहिल्याच वर्षी बागेत डिंक्या आला. हा बुरशीचा रोग असतो, मित्रांनो. झाडाच्या बुंध्याशी साल फाटते आणि तिथून डिंक ठिबकायला लागतो. दिसायला सुंदर दिसतो हो, अगदी मधाचे थेंब. पण ते झाडाचं रडणं असतं. आबांनी मोरचूद आणलं. निळेशार खडे, पाण्यात टाकले की पाणीही निळं होतं. त्यात चुना मिसळला, माझ्या पोटात भरलं, आणि आम्ही दोघांनी प्रत्येक झाडाचा बुंधा न्हाऊ घातला. डिंक थांबला. बाग वाचली. आबा आल्यागेल्याला मला दाखवायचे. "ह्या पठ्ठ्याने वाचवली बाग!" म्हणायचे. मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू, स्तुती कुणाला नको असते?

मग बरीच वर्षं निवांत गेली. कामं कमी झाली. मला नीट धुवायचंही कुणाच्या लक्षात राहीना. निळं पाणी आत तसंच वाळायचं, दांड्याच्या मुळाशी त्याचा थर बसायचा. माझ्या आतला रबरी वायसर हळूहळू झिजत चालला होता. आबाही थकले. त्यांचा मुलगा फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनवर लागला. घरात सून आली. ती दिवसभर फळं पॅक करायच्या शेडमध्ये काम करायची आणि संध्याकाळी बागेत उतरायची. तिला बागेचं वेड होतं. सासरे-सून एकमेकांशी झाडांबद्दल बोलायला लागले, की मुलगा कानावर हात ठेवायचा.

आणि मग डिंक्या परत आला.

ह्या वेळी डिंक फारसा दिसला नाही. कुंपणाच्या कडेला जी ओळ आहे, तिची पानं नुसती पिवळी पडू लागली. फळं लिंबाएवढी होऊन गळू लागली. सुनेने एका झाडाचं आळं उकरलं, बोटाएवढं मूळ हातात धरलं आणि ओढलं. मुळाची साल तिच्या चिमटीत निसटून आली आणि आतली काडी तशीच मातीत राहिली. तिने ती साल नाकाशी नेली आणि पटकन बाजूला टाकली. मी तिथेच भिंतीशी टेकवलेला होतो. जमिनीखालून काहीतरी एका झाडाकडून दुसऱ्याकडे चालत होतं, आणि त्याच्या पावलांचा आवाज होत नव्हता. मला तेव्हा प्रथमच भीती वाटली.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. बाग काढून टाकायची आणि ती जागा कोल्ड स्टोरेजला ट्रक उभे करायला भाड्याने द्यायची.

"सडक्या मुळांची चाकरी किती दिवस करायची?" तो म्हणाला. "आबांचं वय झालंय. तू शेडमध्ये राबतेस, वर इथे राबतेस."

"मला एक संधी द्या," सून म्हणाली. "कडेची ओळ मी सुधारून दाखवते. नाही सुधारली, तर बाग काढा. मी चकार शब्द काढणार नाही."

"बघ हं. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

 आबांच्या हातातला चहा निवून गेला, तो त्यांनी प्यायलाच नाही.

सुनेने माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून एक बाटली आणली. आत गढूळ पाणी. त्यात जिवाणू होते, मातीतले, भले. ती आबांना समजावून सांगायची, "हे मुळांभोवती आधी जाऊन बसतात, आबा. बाकावर माणसं बसली की नवीन आलेल्याला टेकायला जागा उरत नाही ना, तसं. वर बुरशीला सहन होणार नाही असं काहीतरी सोडतात." आबा मान डोलवायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की डोळ्यांना न दिसणाऱ्या शिपायांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

"फक्त एक," सून बजावून म्हणाली. "ह्या ओळीला आता दुसरं काहीही घालायचं नाही. मोरचूद तर मुळीच नाही."

"नाही, नाही," आबा म्हणाले.

संध्याकाळी ऊन उतरलं की ती मला घासून धुवायची. मळीच्या पाण्यात ते जिवाणू मिसळून माझ्या पोटात भरायची, मला हातगाडीवर ठेवायची आणि झाडामागून झाड आळवणी करत, म्हणजे मुळांशी औषध ओतत जायची. संपलं की पुन्हा भरायची. एकही आळं सोडायची नाही. मी जन्मभर मारण्याचंच काम केलं होतं. पोटात पहिल्यांदाच काहीतरी जिवंत होतं. मित्रांनो, तो आनंद मला सांगता येत नाही. मी कण्हायचंही विसरलो होतो.

तो आनंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

मुलगा आणि सून कामाला गेले. आबांनी खोलीचं दार उघडलं आणि आत येऊन ते हळूच लावून घेतलं. स्वतःच्याच घरात माणूस असा चोरासारखा वागला की भिंतींनाही कसंतरी वाटतं. त्यांनी फळीवरून एक जुनं पोतं खाली घेतलं. माझ्या पोटात निळे खडे पडल्याचा आवाज झाला.

"पोर हरता कामा नये, म्हाताऱ्या," ते मला म्हणाले. मला ते म्हाताऱ्याच म्हणायचे. "तिचे ते जिवाणू करतील त्यांचं काम. पण ते नवशिके. आपण दोघे जुने. अधिकस्य अधिकं फलम्!"

त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि कडेच्या ओळीकडे निघाले. जिथे आदल्या संध्याकाळी सुनेने जीव ओतले होते, तिथेच, त्याच ओल्या मातीवर, माझ्या नळीतून निळं पाणी पडलं. मग आबांनी फावड्याने माती वरखाली करून ती निळाई झाकली.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण पंपाला तोंड असतं ते फक्त ओतायला. मोरचूद बुरशीला मारतं, हे खरं. पण ते जिवाणूंनाही मारतं, आपलं-परकं त्याला कळत नाही. पूर्वी रोग बुंध्यावर होता, तिथे मोरचूद पोचलं. आता तो खोल मुळांत उतरला होता. तिथवर आमचं निळं पाणी जातच नव्हतं. वरच्या मातीत पहाऱ्याला बसवलेले शिपाई तेवढे मरत होते.

काम झालं की आबा मला नळाखाली धरायचे. तीन-तीनदा विसळायचे, फडक्याने पुसायचे, उन्हात सुकवायचे. आयुष्यात माझे एवढे लाड कधी झाले नव्हते. संध्याकाळी सून यायची, मला हुंगून म्हणायची, "वा, आबांनी किती लख्ख ठेवलाय!" आणि पुन्हा नवे जिवाणू भरायची.

असं चालू राहिलं. संध्याकाळी ती पेरायची आणि सकाळी ते मारायचे. दोघांचीही पावलं मला ओळखू येत. दोघंही चालता चालता झाडांशी बोलत. दोघंही एकच वाक्य बोलत, "टिक रे बाबा, एवढा बहर टिक." आणि दोघांच्या मधे मी होतो, दोघांचं पोटात घेऊन गप्प बसलेला.

झाडं खंगत गेली. ओळीच्या ह्या टोकाकडून शेंडे वाळायला लागले. सून आळ्यात उकिडवी बसून माती चिवडायची. "असं कसं होईल?" ती पुटपुटायची. "प्रयोगशाळेतल्या बाई म्हणत होत्या, एवढ्यात पांढरी मुळं फुटायला हवीत." तिला वाटायचं, तिचंच काही चुकतंय. आबा तिला धीर द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन खडे जास्त टाकायचे. काय म्हणावं ह्या माणसाला! प्रेमाने आंधळा झालेला माणूस मी जवळून पाहिलाय, मित्रांनो. रागाने आंधळा झालेला परवडला, त्याला लोक अडवतात तरी.

माझा वायसर एव्हाना पार गेला होता. आबांच्या पाठीवर मी गळू लागलो; सुनेच्या हातगाडीवर सरळ उभा असलो की ते कळत नसे. "मेल्या, गळतोस काय!" ते करवादायचे. "अशाने ओळ पुरी कशी व्हायची?" पुन्हा नळापर्यंत जाऊन भरून आणायची ताकद त्यांच्यात नव्हती. वायसर बदलायचा तर सुनेला सांगावं लागलं असतं. ते तसेच रेटत राहिले.

एका सुट्टीच्या दिवशी सून नळाशी कपडे धूत होती. अवजारांच्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तिने आबांचा सदरा उचलला आणि थबकली. पाठीवर मोठा डाग होता, निळसर हिरवा, खाली ओघळत गेलेला. तिने तो बोटाने चोळला. हुंगला. मग हळूहळू मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं.

ती आत आली, माझं झाकण उघडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आबा वरून कितीही पुसत, तळाशी दांड्याच्या मुळाजवळ त्यांचं बोट पोचत नसे. तिचं पोचलं. तिने हात बाहेर काढला तेव्हा नखात निळा थर होता.

"आबा..." ती म्हणाली. हाक नव्हती ती. नुसता श्वास होता.

ती पालथ्या बादलीवर बसली. तिला रडू फुटलं, आणि ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता उठेल आणि जाऊन जाब विचारेल. तिच्या इतक्या दिवसांच्या कष्टांची माती झाली होती. तिला हक्क होता. मी तर वाटच बघत होतो! पण ती उठली, स्वयंपाकघरातून लिंबू घेऊन आली आणि सदऱ्यावरचा डाग घासू लागली. तो पार निघेपर्यंत घासत राहिली. सदरा तिने दोरीवर सगळ्यात पुढे वाळत घातला.

मग तिने ते निळं पोतं उचललं आणि घराबाहेर कुठेतरी नेऊन टाकलं. मला व्हरांड्यात आणून ती वायसर काढायला बसली, म्हणून त्या संध्याकाळचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

आबा खुर्चीत छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. मुलगा आला तो उभ्यानेच म्हणाला, "उद्या खोदकामाचं यंत्र येतंय. कडेच्या ओळीपासून सुरुवात करतील."

"अजून एक बहर थांबा ना," सून म्हणाली.

"कशाला? तुझ्या जिवाणूंनी काय दिवे लावले ते दिसतंय मला."

"ह्या वेळी नीट होईल."

"ह्या वेळी म्हणजे? आधी काय बिघडलं होतं?"

सुनेने आबांकडे पाहिलं. कात्रीवरचा दगड फिरायचा थांबला होता. आबांनाही उत्तर ऐकायचं होतं.

"सांग की," मुलगा जरा मऊ होऊन म्हणाला. "एक कारण दे, मी थांबतो. मी काय झाडांचा वैरी आहे?"

कारण तिच्या जिभेवर होतं. मला ते दिसत होतं. एक वाक्य, आणि बाग वाचली असती. पण त्याच वाक्याने खुर्चीतला म्हातारा मेला असता, हेही तिला कळत होतं.

"कारण काही नाही," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"अरे, पोर एवढी राबली..." आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही मधे पडू नका."

मुलगा आत गेला. आबांनी उठून सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "आपण दोघांनीही जिवाचं रान केलं."

"हो, आबा," सून म्हणाली. "दोघांनी."

सकाळी यंत्र आलं. त्याच्या लोखंडी पंजाला दात होते आणि दातांना दुसऱ्या कुठल्यातरी जागेची माती होती. नवा वायसर घातलेला मी व्हरांड्याच्या कठड्यावर होतो. पहिलं झाड वर आलं. मुळं काळी, ओली, चिंध्यांसारखी लोंबणारी. दुसरं तसंच, तिसरंही. एका झाडाची तर पंजा लागताच साल सुटली. सून हाताची घडी घालून उभी होती. कबूल केल्याप्रमाणे ती रडत नव्हती. आबा प्रत्येक झाडापाशी जाऊन उभे राहत आणि झाड गेलं की पुढच्यापाशी जात.

यंत्र कुंपणाच्या टोकाला, शेवटच्या झाडाशी पोचलं. पंजाने एका बाजूची माती उचलली आणि यंत्र चालवणाऱ्याने हात आवरला.

"अहो, हे झाड चांगलं आहे!" तो वरून ओरडला. "मुळं बघा की!"

सगळे धावले. उघड्या पडलेल्या मातीत पांढरी मुळं होती. बारीक, ताजी, दाट. काळ्या जुन्या मुळाला फुटलेली नवी पालवीच जणू. मुलाने वाकून एक मूळ ओढून पाहिलं. साल निसटली नाही.

"जिवाणू लागले की ह्याला!" तो चक्रावून म्हणाला. "मग बाकीच्यांना का नाही? औषध तेच, माती तीच. हे एकच कसं जगलं?"

 आबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी ओली माती मुठीत घेतली, हुंगली. मग त्यांनी मागे वळून ओळीकडे पाहिलं, जिथून ते रोज सकाळी मला पाठीवर घेऊन निघायचे. मग ह्या झाडाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला इथवर दिसलं.

"इथवर मी कधी पोचलोच नाही," ते म्हणाले. "पंप गळायचा. इथे येईपर्यंत मोरचूद संपायचं."

"कसलं मोरचूद?" मुलाने विचारलं.

"आबा, ऊन लागेल. आत चला," सून घाईने म्हणाली.

ती इतक्या घाईने बोलली, की आबांना सगळं कळलं. त्यांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"काल कळलं. सदरा धुताना."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

 कबूल केलेलं मोडून सून आता रडत होती. आबा मातीतच बसून राहिले. मुलगा एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग त्याने यंत्र बंद करायची खूण केली. स्वतःच्या हातांनी त्याने त्या उघड्या मुळांवर माती लोटली आणि यंत्र माघारी पाठवलं.

उरलेली बाग उभी आहे, मित्रांनो. पण कडेच्या ओळीच्या जागी खड्डे आहेत, आणि खड्ड्यांच्या पलीकडच्या ओळीत दोन शेंडे पिवळे दिसू लागले आहेत. जमिनीखाली चालणारं अजून थांबलेलं नाही. सुनेने जिवाणूंसाठी नवा पंप आणला आहे, पांढरा. त्याच्यावर तिने मोठ्या अक्षरांत 'फक्त जिवाणू' असं लिहिलं आहे. ज्या पोटात विष राहिलं, त्यात जीव भरू नये, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. आणि माझं एवढं ऐका. कुणावर कितीही माया असली, तरी त्याच्या कामात हात घालण्याआधी त्याला विचारा. लपवून केलेली मदत कुठे जाऊन पडते, ते तुम्हाला दिसत नाही. ते फक्त आमच्यासारख्यांना दिसतं, आणि आम्हाला बोलता येत नाही.

"बुरशी काही तुम्ही आणली नव्हती, आबा," सून त्यांना परोपरीने सांगते. रोज संध्याकाळी नवा पंप त्यांच्यापुढे धरते. "चला ना, मला एकटीला उचलत नाही." खरं तर तो तिला सहज उचलतो.

आबा तिच्याबरोबर जातात. ती एकेका आळ्यात जिवाणू सोडते आणि ते शेजारी उभे राहतात. जी झाडं त्यांनी हातांनी लावली, त्यांच्याजवळ ते आता दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे असतात.